लाइव्ह डॅशबोर्ड : आकडा किती जुना चालेल?

मागच्या भागात आपण डेटाबेस क्लाउडवर नेण्यापर्यंत आलो होतो. आज तोच डेटाबेस रिपोर्टिंगच्या टूलला जोडायचा आणि त्यावर लाइव्ह डॅशबोर्ड उभा करायचा, एवढाच विषय आहे. जोडणी म्हणाल तर दहा मिनिटांचं काम. सर्व्हरचं नाव टाका, डेटाबेसचं नाव टाका, युजर, पासवर्ड, झालं. पडद्यावर आकडे येतात, साहेब खूश होतात. त्यानंतरच्या पंधरा दिवसांत जे फोन यायला लागतात ना, त्यांच्यासाठी आजचा तास ठेवला आहे.

उदाहरण एकच घेऊ आणि शेवटपर्यंत तेच चालवू. समजा, एक दूध संघ आहे. त्याची २०० संकलन केंद्रं. प्रत्येक केंद्रावर सरासरी ६० उत्पादक दूध घालतात, सकाळी आणि संध्याकाळी. प्रत्येक वेळी काट्यावर लिटर, तपासणी यंत्रावर फॅट आणि एसएनएफ, मग हातात पावती. म्हणजे दिवसाला २४ हजार नोंदी, वर्षाला साधारण ८७ लाख ६० हजार. या नोंदी केंद्रावरच्या संगणकातून क्लाउडवरच्या डेटाबेसमध्ये येतात. डेटाबेस पोस्टग्रेस धरू, ॲमेझॉनच्या आरडीएस सेवेवर, मुंबई रिजनमध्ये. रिपोर्टिंगसाठी पॉवर बीआय. तुमच्याकडे मेटाबेस असेल, ग्राफाना असेल, लुकर स्टुडिओ असेल, तर बटणांची नावं बदलतील आणि मर्यादांचे आकडे बदलतील. अडचणींची जात मात्र तीच राहील.

आता डॅशबोर्ड कोणाला हवा आहे? तिघांना. पहिला, टँकर पाठवणारा वाहतूक विभाग. सकाळी सात वाजता कुठल्या केंद्रावर किती दूध जमलंय ते त्याला कळलं, तर टँकरचा रूट तो त्याप्रमाणे वळवू शकतो. दुसरे, व्यवस्थापन. त्यांना काल आणि आज, हा तालुका आणि तो तालुका, अशी तुलना हवी असते. तिसरा, हिशेब विभाग, जो दहा दिवसांचं बिल काढतो. या तिघांना तुम्ही विचारलंत तर तिघंही म्हणणार, ‘आम्हाला लाइव्ह पाहिजे.’ लाइव्ह हा शब्द ऐकायला छान लागतो, नको कोण म्हणेल?

म्हणून आम्ही तो प्रश्नच विचारत नाही. आम्ही विचारतो, की हा आकडा बघून तुम्ही काय कराल, आणि तो किती वेळात केलात तर उपयोग होईल? वाहतूकवाला म्हणतो, टँकर निघण्याआधी अर्धा तास कळलं तरी मला पुरे. व्यवस्थापन म्हणतं, सकाळच्या मीटिंगआधी. आणि हिशेबवाल्याला खोदून विचारलं की लक्षात येतं, त्याला हलणारा आकडा मुळीच नकोय. बिल काढताना मधेच बेरीज बदलली तर त्याचं डोकं फिरेल. त्याला गोठवलेला, सही करता येईल असा आकडा हवा. तीन माणसं, तीन वेगवेगळी वयं. आकड्याचं वय, म्हणजे आकडा किती जुना चालेल, हे आधी ठरलं की पुढची अर्धी भांडणं होतच नाहीत.

बरं, आता टूलकडे येऊ. पॉवर बीआय डेस्कटॉपमध्ये पोस्टग्रेसची जोडणी करताना ते दोन पर्याय विचारतं : इम्पोर्ट किंवा डायरेक्टक्वेरी. इम्पोर्ट म्हणजे डेटाची प्रत उचलून आपल्या पोटात ठेवायची. मग बघणारे कितीही असोत, मूळ डेटाबेसला त्याची झळ नाही, कारण उत्तरं प्रतीतून मिळतात. प्रत शिळी होते, म्हणून वेळापत्रक लावून ती ताजी करायची. प्रो लायसन्सवर दिवसातून ८ वेळा, प्रीमियमवर ४८ वेळा. डायरेक्टक्वेरीमध्ये प्रत नसतेच. कोणी पान उघडलं, कोणी गाळणी बदलली, की टूल त्याच क्षणी डेटाबेसला जाऊन विचारतं.

इथे बहुतेक जण काय करतात? लाइव्ह हवंय ना, मग डायरेक्टक्वेरी. सरळ हिशेब वाटतो. पण एक बारकावा बघा. भिंतीवरचा पडदा कोणीही हात न लावता आपोआप ताजा व्हावा, यासाठी पॉवर बीआयमध्ये स्वयंचलित पान-रिफ्रेशची सोय आहे. साध्या, म्हणजे सामायिक क्षमतेवर तिची किमान मर्यादा ३० मिनिटं आहे. म्हणजे डेटाबेसवर एवढा भार टाकूनही पडदा आपला अर्ध्या तासानेच हलणार. सेकंदासेकंदाला हलायला हवा असेल तर प्रीमियम क्षमता विकत घ्यायची.

आता उलट बाजूने विचार करू. इम्पोर्टच्या ८ वेळा चोवीस तासांत समान वाटल्याच पाहिजेत असं कोणी सांगितलंय? तीन-तीन तासांनी लावायच्या, ही आपली सवय. दूध काय तीन-तीन तासांनी येतं? सकाळी ६, ६.३०, ७, ७.३०, ८ असे पाच आणि संध्याकाळी ६.३०, ७, ७.३० असे तीन. झाले आठ. ज्या वेळात दूध येतं त्या वेळात आकडा अर्ध्या तासाहून फारसा जुना नसतो, आणि दुपारी बारा वाजता तो जुना असला तर कोणाचं काही अडत नाही, कारण बाराला संकलनच नाही. (रिफ्रेश अगदी घड्याळाच्या ठोक्याला सुरू होतो असं नाही, थोडं मागेपुढे होतं, तेवढी फट मनात धरायची.) आमच्या मते या संघाने इम्पोर्टच घ्यावं, निदान पहिलं वर्ष. लाइव्ह म्हणून जे मागितलं जातं, त्यातलं बरंचसं वेळापत्रक नीट लावलं की भागतं.

‘पण आम्हाला डायरेक्टक्वेरीच घ्यायची असेल तर?’ असा प्रश्न दरवेळी येतो. घ्या की. फक्त काय होतं ते समजून घ्या.

समजा, पानावर बारा चित्रं आहेत, म्हणजे तक्ते, आलेख, मोठ्या अक्षरातले आकडे. प्रत्येक चित्र कमीत कमी एक क्वेरी पाठवतं. सकाळी सातला ४० जणांनी पान उघडलं, की ४८० क्वेरी. त्यातल्या प्रत्येकाने तालुका बदलून पाहिला, की पुन्हा ४८०. पॉवर बीआय एका डेटाबेसकडे एका वेळी मुळात दहाच जोडण्या उघडतं, बाकीच्यांना रांगेत उभं करतं. त्यामुळे डेटाबेस एकदम कोसळत नाही, पण पडद्यासमोरचा माणूस फिरणारं चक्र बघत बसतो. शिवाय एका क्वेरीतून १० लाखांहून जास्त ओळी परत यायला लागल्या, की चूक येते. आपल्या संघाच्या मूळ नोंदी दिवसाला २४ हजार, म्हणजे साधारण ४२ दिवसांत ती रेषा ओलांडली. एखाद्या चित्राची रचना अशी असेल की त्याला मूळ नोंदी ओढाव्याच लागतात, तर ते पहिला सव्वा महिना छान चालतं आणि एके दिवशी अचानक बंद पडतं. मग सगळे म्हणतात, कालपर्यंत तर चालत होतं! चालतच होतं, नोंदी वाढत होत्या.

आणि यातली खरी काळजीची गोष्ट पडद्यावर दिसतच नाही. ती दिसते केंद्रावर. पोस्टग्रेसमध्ये वाचणारा लिहिणाऱ्याला अडवत नाही, हे आपण मागे पाहिलं आहे. एका ओळीच्या जुन्या-नव्या आवृत्त्या ठेवून ते हे साधतं. त्यामुळे लोक निर्धास्त असतात, की आम्ही फक्त वाचतोय, आमचा काय त्रास! कुलूप लागत नाही हे खरं, पण प्रोसेसर तोच, डिस्क तीच, मेमरी तीच. वर्षभराच्या ८७ लाख नोंदींवरून फिरणाऱ्या मोठमोठ्या बेरजा त्याच यंत्रावर चालू असताना केंद्रावरची छोटीशी नोंदही त्याच यंत्राकडे वेळ मागत असते. केंद्रावरचं सॉफ्टवेअर क्लाउडवर नोंद पक्की झाल्याशिवाय पावती छापत नसेल, तर जी पावती दोन सेकंदांत निघायची ती वीस सेकंदांत निघते. साठ जणांच्या रांगेत अठरा सेकंद जास्त म्हणजे अठरा मिनिटं. तेवढा वेळ दूध न थंड होता कॅनमध्ये उभं. उन्हाळ्यात हे किती महाग पडतं ते दूधधंद्यातल्या माणसाला सांगायला नको. साहेबांच्या पडद्यासाठी रांगेतला माणूस ताटकळतोय, आणि दोघांनाही एकमेकांचा पत्ता नाही.

यावरचा रूढ उपाय म्हणजे रीड रेप्लिका. मूळ डेटाबेसची वाचनापुरती सावली. आरडीएसमध्ये ती काही क्लिकमध्ये तयार होते, भाडं मात्र वेगळ्या यंत्राचं लागतं. रिपोर्टिंगचं टूल तिलाच जोडायचं, मुळाला हात नाही लावू द्यायचा. सावली मुळाच्या थोडी मागे असते, बहुतेक वेळा सेकंदभर, पण मुळावर लिहिण्याचा जोर वाढला किंवा सावलीचं यंत्र लहान पडलं तर काही मिनिटंसुद्धा. हे अंतर आरडीएसच्या मोजमापांत ‘रेप्लिका लॅग’ या नावाने दिसतं, त्यावर एक सूचना लावून ठेवा. आणखी एक. सावलीवर लांबलचक क्वेरी चालू असताना मुळावरची साफसफाई तिथे येऊन धडकली, तर पोस्टग्रेस स्वतःच्या नेहमीच्या सेटिंगनुसार ३० सेकंद वाट बघतं आणि मग तुमची क्वेरी रद्द करतं. चुकीच्या मजकुरात ‘कॉन्फ्लिक्ट विथ रिकव्हरी’ असे शब्द असतात. ते दिसले की पासवर्ड तपासत बसू नका, क्वेरी लहान करा.

क्वेरी लहान कशी करायची? टूलला मूळ टेबल दाखवायचंच नाही. मधे एक सारांश-टेबल ठेवायचं : केंद्र, तारीख, पाळी, लिटर, नोंदींची संख्या. दोनशे केंद्रं, दोन पाळ्या, ३६५ दिवस, म्हणजे वर्षाला १ लाख ४६ हजार ओळी. ८७ लाखांवरून दीड लाखाच्या आत. पोस्टग्रेसमध्ये यासाठी मटेरियलाइज्ड व्ह्यू आहे. तो ताजा करताना वाचणाऱ्यांना अडवायचं नसेल तर ‘कंकरंटली’ असा पर्याय द्यायचा, त्यासाठी त्यावर एक युनिक इंडेक्स लागतो. इथे केंद्र, तारीख आणि पाळी या तिघांवर तो सहज बसतो. वाहतूक आणि व्यवस्थापन या दोघांच्याही गरजा या दीड लाख ओळींत भागतात. एखाद्या उत्पादकाची एकेक पावती बघायची असेल तर ते काम डॅशबोर्डचं नाही, त्यासाठी मूळ सॉफ्टवेअर आहे.

सारांश करताना एका ठिकाणी हमखास पाय घसरतो, ते सांगतो. फॅटची सरासरी. एकाचं १० लिटर दूध, फॅट ३.२. दुसऱ्याचं १०० लिटर, फॅट ४.०. टूलला सरासरी विचारली की ते सांगतं ३.६. पण टाकीत जे दूध एकत्र झालं, त्याचं फॅट ३.९३ च्या आसपास आहे, कारण दुसऱ्याचं दूध दहापट आहे. डेअरीतल्या माणसाला हे लगेच कळतं, तो फॅट किलोत हिशेब करतो. डॅशबोर्ड बनवणाऱ्याला कळतंच असं नाही. म्हणून सारांश-टेबलात सरासरी साठवायचीच नाही. लिटरची बेरीज ठेवा, लिटर गुणिले फॅट यांची बेरीज ठेवा, आणि भागाकार अगदी शेवटी, टूलमध्ये करा. एसएनएफचंही तसंच. एकदा केंद्राची सरासरी साठवली, की तालुक्याची सरासरी म्हणजे सरासऱ्यांची सरासरी होते, आणि तो आकडा कशाचाच नसतो. पैसे फॅटवर ठरतात, तिथे ०.३ चा फरक म्हणजे चहाच्या टपरीवरचा वाद नव्हे, संचालक मंडळातला वाद होतो.

आता जोडणीच्या वाटेबद्दल थोडक्यात बोलू. पोस्टग्रेस ५४३२ या पोर्टवर ऐकतं. पॉवर बीआयची सेवा मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवरून येते, तिचे पत्ते पुष्कळ आणि बदलते. मग कंटाळून कोणीतरी सिक्युरिटी ग्रुपमध्ये ०.०.०.०/० लिहितं, म्हणजे अख्ख्या जगाला दार उघडं. चालतं ना, मग राहू दे. कृपा करून राहू देऊ नका. डेटाबेस खाजगी नेटवर्कमध्येच ठेवा आणि त्याच नेटवर्कमध्ये एक लहान विंडोज यंत्र घेऊन त्यावर गेटवे बसवा. गेटवे आतून बाहेर बोलतो, त्यामुळे बाहेरून आत यायला दार उघडावं लागत नाही. आरडीएसला जोडताना ‘रिमोट सर्टिफिकेट इनव्हॅलिड’ अशी चूक येते, तेव्हा ॲमेझॉनचं आरडीएससाठीचं मूळ प्रमाणपत्र त्या विंडोज यंत्राच्या विश्वासू यादीत घालायचं. बरेच जण त्याऐवजी एन्क्रिप्शनच बंद करून टाकतात. पोस्टग्रेस १५ पासून आरडीएस मुळातच एन्क्रिप्शनचा आग्रह धरतं, त्यामुळे ती पळवाट आता तशी सहज सापडत नाही, बरंच झालं. आणि गेटवे कोणाच्या लॅपटॉपवर बसवू नका. तो माणूस लग्नाला गावी गेला, लॅपटॉप बंद, की रिफ्रेश बंद. लागोपाठ चार वेळा रिफ्रेश फसला तर पॉवर बीआय वेळापत्रकच थांबवतं. मग लॅपटॉप सुरू झाला तरी आपोआप काही सुरू होत नाही.

टूलसाठी डेटाबेसमध्ये वेगळा युजर हवा. त्याला फक्त वाचायची परवानगी, तीही ठरावीक व्ह्यूंवर. पोस्टग्रेसमध्ये व्ह्यू साधारणपणे त्याच्या मालकाच्या अधिकाराने चालतो, त्यामुळे या युजरला मूळ टेबलं दिसायची गरजच पडत नाही. उत्पादकांचे मोबाइल नंबर, बँक खाती, आधार, यांतलं काहीही व्ह्यूमध्ये घ्यायचं नाही. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा आहे म्हणून, आणि तो नसता तरीही. शिवाय याच युजरवर क्वेरीची वेळमर्यादा लावून टाका, ६० सेकंद म्हणा. पॉवर बीआयची सेवा स्वतः एका चित्राच्या क्वेरीला २२५ सेकंद देते. पावणेचार मिनिटं! तेवढ्यात बघणारा चहा पिऊन येतो आणि पुन्हा रिफ्रेश दाबतो.

हे सगळं झालं, आता ज्या दोन गोष्टींवर आम्हाला जास्त बोलायचं आहे त्यांच्याकडे वळू. पहिली, वेळ.

आपली वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे. क्लाउडवरची यंत्रं बहुतेक जागतिक वेळेवर चालतात, पॉवर बीआयची सेवासुद्धा. तुम्ही डॅशबोर्ड डेस्कटॉपवर बनवता, तिथे ‘आज’ म्हणजे तुमच्या लॅपटॉपचा आज. सगळं बरोबर दिसतं. मग तो ऑनलाइन चढवता. तिथे ‘आज’ म्हणजे जागतिक वेळेचा आज, आणि तो आपल्याकडे पहाटे साडेपाचला सुरू होतो. रात्री बारापासून साडेपाचपर्यंत पडदा कालचीच तारीख धरून बसलेला असतो. सरकारी कार्यालय असतं तर कोणाच्या लक्षातही आलं नसतं, दहाच्या आधी बघतंय कोण? पण दूध पाचला यायला लागतं. डेटाबेसमध्येही तारीख जागतिक वेळेवरून काढलेली असेल, तर पाच ते साडेपाचचं सगळं दूध आदल्या दिवसाच्या खात्यात जातं, कायमचं. म्हणजे फक्त पहाटेचा पडदा चुकत नाही, रोजचा आकडा चुकतो. थोडाच चुकतो, म्हणून तर महिनोन्‌महिने सापडत नाही. जी केंद्रं लवकर उघडतात त्यांचं रोजचं थोडं दूध काल-आजमध्ये सरकत राहतं, महिन्याची बेरीज जवळपास जुळते, आणि रोजचा ताळा मात्र कधीच बसत नाही.

यावर पहिला उपाय म्हणजे वेळ टाइमझोनसकट साठवणं आणि तारीख काढताना ‘एशिया/कोलकाता’ असं स्पष्ट सांगणं. ठीक आहे, ते कराच. पण याहून चांगला उपाय धंद्यातच आहे. संकलनाची तारीख आणि पाळी ही घड्याळावरून काढायची गोष्टच नव्हे. केंद्रावर सचिव पाळी उघडतो : अमुक तारीख, सकाळ. ती त्या पाळीची ओळख आहे. ती केंद्रावरच नोंदीत लिहून पाठवा. मग क्लाउडवरचं घड्याळ लंडनचं असो की मुंबईचं, सकाळची पाळी सकाळचीच राहते. इंडेक्सही त्या तारखेवर सरळ बसतो, दर क्वेरीला वेळ बदलून घ्यायचं काम वाचतं.

‘मग वेळ साठवायचीच नाही का?’ साठवायची, उलट दोन साठवायच्या. एक, केंद्रावर नोंद झाली ती वेळ. दुसरी, सर्व्हरवर पोहोचली ती वेळ. केंद्रावरच्या जुन्या संगणकाची आतली बॅटरी संपली, की तो सुरू होताना कुठल्या तरी भलत्याच वर्षात जागा होतो. सर्व्हरची वेळ सोबत असली तर हे लगेच पकडता येतं. आणि दोन वेळांमधलं अंतर हीच पुढच्या मुद्द्याची किल्ली आहे.

तो मुद्दा म्हणजे शून्य. केंद्रावर इंटरनेट गेलं तर चांगलं सॉफ्टवेअर थांबत नाही. नोंदी तिथेच साठवतं, पावत्या देतं आणि रेंज आली की वर पाठवतं. फार उत्तम. पण त्या मधल्या वेळात पडद्यावर काय दिसतं? ० लिटर. किंवा रेंज जाण्याआधी आलेले चाळीस लिटर. वाहतूकवाला बघतो, या केंद्रावर आज चाळीसच लिटर, मग टँकर तिकडे कशाला वळवायचा? तो पुढच्या गावाला पाठवतो. इकडे केंद्रावर सहाशे लिटर दूध वाट बघत उभं. डेटाबेस बरोबर, क्वेरी बरोबर, डॅशबोर्ड अगदी लाइव्ह. आणि कोणाच्या तरी घामाचं दूध नासतं. लाइव्ह म्हटल्यामुळेच त्या आकड्यावर जास्त भरवसा ठेवला गेला, हे त्यातलं सगळ्यात वाईट. कागदावरचा कालचा तक्ता असता तर त्याने आधी फोन करून विचारलं असतं.

तेव्हा आमचं ठाम मत असं, की लाइव्ह डॅशबोर्डवर प्रत्येक केंद्राच्या आकड्याशेजारी त्या केंद्राची शेवटची नोंद कधी पोहोचली ती वेळ असलीच पाहिजे. पानाच्या कोपऱ्यात ‘शेवटचा रिफ्रेश ७.००’ एवढं लिहून भागत नाही. तो रिफ्रेश टूलचा झाला, केंद्राचा नव्हे. सात वाजता रिफ्रेश झाला आणि केंद्राची शेवटची बातमी ५.५० ची आहे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. संकलनाच्या वेळात वीस मिनिटं बातमी आली नाही की त्या केंद्राचा आकडा राखाडी करा आणि त्याखाली ‘संपर्क नाही’ असं लिहा. लाल नको. लाल बघून लोक सचिवावर ओरडतात, आणि त्याच्या हातात काही नसतं.

याहून पुढे जायचं तर केंद्रावरच्या सॉफ्टवेअरने दर पाच मिनिटांनी नुसती ‘मी आहे’ एवढी खूण पाठवावी, दूध आलं नाही तरी. मग खरं शून्य आणि गप्प बसलेलं शून्य वेगळं काढता येतं. खूण येतेय आणि लिटर शून्य, म्हणजे खरंच कोणी आलं नाही. खूण नाही, म्हणजे फोन लावा. ही एक छोटी टेबल आहे, २०० ओळींची, आणि वाहतूक विभागाला तिचा उपयोग सगळ्या रंगीत आलेखांपेक्षा जास्त होईल.

उशिरा पोहोचणाऱ्या नोंदींचा एक परिणाम इम्पोर्टवरही होतो. पूर्ण डेटा दरवेळी ओढायचा नसेल तर पॉवर बीआयमध्ये इन्क्रिमेंटल रिफ्रेश लावता येतो, म्हणजे ठरलेल्या अलीकडच्या दिवसांचाच भाग पुन्हा ओढायचा. लोक तिथे एक दिवस लिहितात. मग तीन दिवस रेंज नसलेल्या केंद्राच्या नोंदी डेटाबेसमध्ये येतात, पण डॅशबोर्डला त्या कधीच दिसत नाहीत, कारण तो भाग त्याच्या दृष्टीने बंद झाला. आपल्या उदाहरणात ही खिडकी निदान दहा दिवसांची ठेवा, बिलाच्या मुदतीएवढी. बिल निघालं की तेवढे दिवस गोठले. मटेरियलाइज्ड व्ह्यूला हा त्रास नाही, तो दरवेळी सगळंच नव्याने मोजतो, आणि त्यासाठीच तो पाळीच्या ऐन गर्दीत दर मिनिटाला ताजा करायचा नसतो.

लायसन्सबद्दल विचारलंय कोणीतरी. पॉवर बीआयमध्ये मोठी क्षमता घेतलेली नसेल, तर नुसता अहवाल बघणाऱ्यालाही प्रो लायसन्स लागतं. चाळीस जण बघणार म्हणजे चाळीस. ते टाळायला ‘पब्लिश टू वेब’चं बटण वापरू नका. ती लिंक ज्याच्या हाती लागेल त्याला सगळं दिसतं, पासवर्ड नाही, काही नाही. वाहतूक विभागाच्या भिंतीवर एकच पडदा आणि बाकीच्यांना सकाळी एक मेल, यात बऱ्याच ठिकाणी भागतं. नुसती भिंतीवरची पाटी हवी असेल, तर ग्राफाना किंवा मेटाबेसची मोफत आवृत्ती स्वतःच्या यंत्रावर बसवूनही काम होतं. तिथे पान किती वेळाने ताजं करायचं ते तुमच्या हातात असतं. अर्थात दर पाच सेकंदांनी ताजं करायला लावलंत तर सावलीलाही घाम फुटेल.

सुरू करण्याआधी दोन चाचण्या करा. पहाटे पाच वाजता ऑनलाइन डॅशबोर्ड उघडा, डेस्कटॉपवरचा नव्हे, आणि वर कुठली तारीख दिसते ते बघा. आणि एका केंद्राच्या सचिवांना आधी सांगून, ऐन संकलनात त्यांच्या राउटरची वायर अर्धा तास काढायला लावा. पडदा त्या अर्ध्या तासात त्या केंद्राबद्दल काय सांगतो, ते वाहतूक विभागातल्या माणसाला शेजारी बसवून बघा.